पावणेतीनशे किलोंचा प्रश्न

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या येथे दिलेल्या नाहीत.)



पंचवीस वर्षांचा इतिहास मागच्या रविवारी आपण दोन तास ऐकला. बोअरवेल कशी लागली, पहिल्या पावसाळ्यात गच्ची कशी गळली, लिफ्ट येईपर्यंत सिलिंडर कोणी कोणाचे वर नेले, सगळं झालं. त्यामुळे सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही त्या माशांच्या स्टँडवर बोला." मी म्हटलं, त्यावर बोलण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "आहे. पाच घरांतून मापं मागायला लोक येऊन गेलेत."

म्हणून आज हा विषय. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाने सुतारकामावर बोलावं हे थोडं विचित्र आहे. पण त्या स्टँडमध्ये आकडेमोड बरीच आहे, आणि ती आम्हाला जमते.

आधी पार्श्वभूमी. नवीन सभासदांना ठाऊक नसेल, आणि मी नावं घेणार नाही. मागच्या एका पावसाळ्यात बी विंगमध्ये वरच्या मजल्यावर रात्री माशांच्या टाकीचा स्टँड बसला. 'बसला' म्हणजे अक्षरशः खाली बसला. टाकी फुटली, पाणी दाराबाहेर आलं आणि खालच्या घरात झिरपलं. तिथे कपाटावर लग्नाचे अल्बम होते. मुलीच्या लग्नाचे. अठरा वर्षं दिवाळीच्या फराळाची ताटं वर-खाली जात होती, ती त्या वर्षी गेली नाहीत. लिफ्टमध्ये एक कुटुंब असलं की दुसरं जिन्याने जायचं. आणि वार्षिक सभेत विषय आला, तळमजला सोडून कोणत्याही फ्लॅटमध्ये माशांची टाकी ठेवू नये असा ठराव करावा.

आता, ज्याची टाकी होती तो नववीतला मुलगा. त्याच्याकडे तीन टाक्या होत्या. एकीत गप्पी, एकीत एंजल, आणि मोठीत गोल्डफिश. कुर्ल्याच्या बाजारातून कर्जत लोकलने मांडीवर पिशवी धरून आणलेले मासे. पिशवीत प्राणवायू भरून तोंड रबराने बांधून देतात, ती कल्याणपर्यंत गार राहते, पुढे काळजी. तो मुलगा सभेच्या दिवशी दाराशी उभा होता. त्याला मत नव्हतं, कारण वय नव्हतं.

मी उठून एवढंच म्हणालो की ठराव एक महिना पुढे ढकला. टाकी पडली ती पाण्यामुळे की स्टँडमुळे, हे आधी बघू. कर्ज बुडालं म्हणून आम्ही कर्ज देणं बंद करत नव्हतो, तारण काय होतं ते तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी तो मोडका स्टँड पाहिला. बाहेरून सुरेख लॅमिनेट, आत लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड. टाकी साफ करताना रोज चार थेंब सांडतात. ते स्क्रूच्या भोकातून आत गेले, बोर्ड बिस्किटासारखा फुगला, आणि फुगलेल्या भुशात स्क्रूची पकड राहिली नाही. सगळा भार त्या स्क्रूंवरच होता. पाय आणि वरची फळी यांना जोडणारं दुसरं काहीच नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात घराची दारं फुगून बसतात, मिठाच्या बरणीत पाणी होतं. अशा हवेत असला बोर्ड टाकीखाली ठेवणं म्हणजे जोखीमच.

आता आकडे. मुलांनी वहीत लिहून घ्यावेत.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी टाकी घ्या. वरचे दोन इंच रिकामे सोडले तरी ४७ किलो पाणी झालं. पाच मिलिमीटर काचेचं वजन सव्वानऊ किलोच्या आसपास, वर तळाची खडी. म्हणजे टाकी ६२ किलोंची. अशा दोन वर ठेवायच्या होत्या, झाले सव्वाशे. खाली तीन फुटी टाकी, पंधरा इंच उंच. तिचं पाणी, सहा मिलिमीटर काच आणि खडी धरून १२२ किलो. स्टँडचं स्वतःचं वजन पंचवीस-तीस. बेरीज पावणेतीनशे किलो. म्हणजे चार भरभक्कम माणसं चोवीस तास एकाच जागी उभी. आणि ती कधी बसणार नाहीत, उठणार नाहीत, बाहेरगावी जाणार नाहीत.

हे वजन स्लॅबला चालेल का, हा प्रश्न सभेत विचारला गेला होता आणि तो रास्त होता. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार धरतात. दहा बाय बाराच्या खोलीला हे सव्वादोन हजार किलोंच्या आसपास जातं. त्या हिशेबाने पावणेतीनशे जास्त नाही. पण खोलीत वजन पसरलेलं असतं आणि आपला स्टँड पाच चौरस फुटांत उभा. तेवढ्या जागेवर तो भार धरलेल्याच्या तिप्पट पडतो. म्हणून स्टँड खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून, शक्यतो बीमच्या वर. पुढे आलेल्या बाल्कनीत तर नकोच नको. याहून मोठी टाकी हवी असेल तर आधी इंजिनियरला विचारा. तिथे माझं गणित पुरणार नाही.

मग लाकूड. नवं सागवान वखारीत पाहिलं, भाव ऐकून परत आलो. खालापूरकडे एक जुनं घर पाडलं जात होतं, तिथून दाराच्या चौकटी मिळाल्या. चार इंच बाय अडीच इंच, पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं सागवान. जुन्या लाकडाचा फायदा हा की ते सुकायचं तेवढं सुकलेलं असतं, आता वाकडं होणार नाही. तोटा एकच, आत खिळे असतात. खिळ्यावर करवत गेली की दाते गेले. हे काम मुलांना दिलं. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवायचा, ओढला की खडूची खूण. एका चौकटीतून सतरा खिळे निघाले. सुतारकाका, कडावहून यायचे ते, म्हणाले, "पोरांनी माझी करवत वाचवली." नवं लाकूड घ्यायचं असेल तर वखारीचं रीतसर बिल घ्या. गावच्या शेतातलं झाड तोडून आणतो असा विचार कोणाच्या मनात असेल तर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, आधी परवानगी लागते.

आता मुख्य गोष्ट. स्टँडमध्ये वजन लाकडावरून लाकडावर आणि तिथून जमिनीवर गेलं पाहिजे. स्क्रूवरून नाही. बँकेच्या भाषेत सांगतो. लाकूड हा कर्जदार, स्क्रू हा जामीनदार. हप्ता कर्जदारानेच भरायचा. जामीनदारावर वसुली आली की समजा प्रकरण बुडालं. त्या मोडक्या स्टँडमध्ये पहिल्या दिवसापासून जामीनदारच हप्ते भरत होता.

म्हणून आम्ही काय केलं, तर वरच्या आडव्या चौकटी पायांच्या डोक्यावर बसवल्या. बाजूने ठोकल्या नाहीत. खालच्या आडव्यांच्या खाली, प्रत्येक पायाला चिकटून, जमिनीपर्यंत पोचणारा ठोकळा दिला. उद्या सगळे स्क्रू काढले तरी वजन खाली उतरायची वाट तशीच राहील. स्क्रू आणि पाण्याला न जुमानणारं सरस फक्त भाग जागेवर धरायला. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण दमट हवेत लोखंड गंजतं. आधी बारीक भोक पाडायचं, स्क्रूला साबण फिरवायचा, मग पिळायचा. सागवान जुनं असलं की कडक असतं, घाईने पिळला तर स्क्रूचं डोकं तुटतं.

आडवी लाकडं उभी धरून लावायची, म्हणजे चार इंचांची बाजू वर-खाली. पट्टीचा प्रयोग घरी करून पहा. प्लास्टिकची पट्टी सपाट धरली की वाकते, उभी धरली की वाकत नाही. आपल्या मापाच्या लाकडाला या उभ्या-आडव्याने अडीचपट फरक पडतो. तेच लाकूड, तेच पैसे. सुतारकाकांना हे गणित मांडून दाखवलं तर ते हसले. म्हणाले, घराचे वासे आम्ही आजोबांपासून उभेच ठेवतो.

स्टँडची मापं अशी: लांबी चार फूट, खोली पंधरा इंच, वरच्या फळीची उंची तीन फूट चार इंच. खालची फळी आठ इंचांवर. खालच्या टाकीच्या वर तेरा इंच मोकळी जागा ठेवली आहे. ही जागा लोक विसरतात. मग टाकी साफ करायला हात जात नाही, आणि हात जात नाही म्हणून टाकी साफ होत नाही. मोठी टाकी खाली, लहान वर, म्हणजे वजनाचा तोल खाली राहतो. मागच्या बाजूला पूर्ण लांबीची प्लायची फळी मारली. चार पायांची चौकट कितीही जाड केली तरी ती बाजूला डुलते, रिकामी काडेपेटी दाबल्यावर कशी तिरकी होते तशी. मागची एक सलग फळी ते डुलणं बंद करते. शिवाय दोन ठिकाणी भिंतीला पकड दिली आहे, कारण टाक्या धरून हा स्टँड सव्वाचार फुटांच्या वर जातो आणि रुंदी सव्वा फूटच. लहान मूल लोंबकळलं तर?

टाकीखालचा प्लाय १९ मिलिमीटर, मरीन, आयएस ७१० चा शिक्का पाहून घेतलेला. त्याच्या कापलेल्या कडा सगळ्यात महत्त्वाच्या. पाणी वरून शिरत नाही, कडेने शिरतं. कडांना रंगाचे तीन हात दिले. दक्षिण कोकणात लाकडाला डिंबेल लावतात, आमच्या एका सभासदांनी ते सुचवलं होतं. टिकाऊ खरं, पण दिवाणखान्यात तो वास नको आणि हातावर फोड येतात. टाकीच्या काचेखाली थर्माकोलची पातळ शीट. खाली एखादा खडा राहिला तर काच नेमकी तिथेच तडकते. शीट तो खडा पोटात घेते.

पाणसळ लावून पाहिलं तर त्या फ्लॅटची फरशी चार फुटांत पाव इंच उतरती होती. पायांखाली पाचरी घालून ती भरली. टाकीतलं पाणी खोटं बोलत नाही, एका कोपऱ्यात वर दिसलं की समजावं.

तीन रविवार काम चाललं, पार्किंगमध्ये. एप्रिल-मे निवडला होता मुद्दाम, रंग सुकायला. मग परीक्षा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सिमेंटच्या गोण्या आलेल्याच होत्या, पन्नास किलोंची एक. पाच गोण्या वरच्या फळीवर, पाच खालच्या. पाचशे किलो, म्हणजे टाक्यांच्या दुप्पट. सात दिवस तसाच ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं म्हणून. वरच्या आडव्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून मधली फट मोजली. फुटपट्टीवर कळेना, म्हणून मुलांनी वहीचे कागद सरकवले. पाच कागद गेले, सहावा जाईना. म्हणजे अर्धा मिलिमीटर. आठव्या दिवशी गोण्या काढल्या तर दोरा परत टेकला.

मला वाटलं काम झालं. समितीचे लोकही समाधानी होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या त्या काकू पार्किंगमध्ये आल्या. अल्बमवाल्या. त्यांनी स्टँडभोवती एक फेरी मारली, हात लावून पाहिला. मग मला विचारलं, "स्टँड पडणार नाही, कळलं. पण टाकीच गळली तर पाणी कुठे जाणार?"

सभेत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. सगळे पडण्याबद्दल बोलत होते. खरं तर काचेच्या टाक्यांचे सांधे सिलिकॉनचे असतात, आणि सिलिकॉन काही जन्मभर टिकत नाही. फुटणाऱ्या टाकीपेक्षा थेंबथेंब गळणाऱ्या टाक्या जास्त. आणि थेंब आवाज करत नाही, खालच्या घराच्या छताला पिवळा डाग पडतो तेव्हा कळतं.

म्हणून स्टँडच्या पुढचा भाग माझा नाही, काकूंचा आहे. सगळ्यात खाली, पायांच्या आत, पत्र्याचा ट्रे आला, कडा सव्वा इंच उंच. त्यात चौदा लिटरच्या आसपास पाणी मावतं. पूर्ण टाकी मावणार नाही, म्हणून ट्रेच्या कोपऱ्यातून अर्धा इंची पाइप काढून भिंतीच्या कडेने न्हाणीच्या जाळीपर्यंत नेला. स्टँड त्यासाठी खोलीच्या दुसऱ्या भिंतीला घ्यावा लागला. सुदैवाने तिथेही खाली बीम आहे. दुसरी सूचनाही त्यांचीच, ट्रेमध्ये रोज सकाळी वर्तमानपत्राचा एक कागद ठेवायचा. ओला दिसला की खालच्या घरी आधी फोन, मग काय ते बघायचं.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण पाणी आणि वीज शेजारी आली की घाबरायलाच हवं. बोर्ड टाकीच्या खाली नको. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. घरात आरसीसीबी नसेल तर टाकीच्या आधी तो बसवा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. तो खाली असला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं. वीज आपल्याकडे जातेच. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगडात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप घरात असू द्या. नसेल तर लोटीने पाणी वरून पुन्हा पुन्हा ओता, तेवढ्यानेही हवा मिसळते.

थोडं माशांबद्दल, मुलं कंटाळली आहेत म्हणून. मी लहान असताना तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. मरीन ड्राइव्हवर, १९५१ मध्ये सुरू झालेलं, चर्नी रोडला उतरून जायचं. घरात मासे पाळता येतात हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे मासे म्हणजे वलगण. पहिला मोठा पाऊस पडला की नदीचे मासे ओढ्याने वर शेतात चढायचे आणि आम्ही टोपल्या घेऊन रात्रभर बाहेर. काचेतून मासा नुसता बघायचा, खायचा नाही, हे माझ्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.

एक विनंती मात्र खरोखरची आहे. टाकीतले मासे नको झाले तर उल्हास नदीत किंवा पाताळगंगेत सोडू नका. पुण्य लागत नाही. बाजारात सकर म्हणून मिळतो तो दक्षिण अमेरिकेतला मासा उजनी धरणापर्यंत पोचलेला आहे, आणि तो तिथे कोणी विमानाने नेऊन सोडलेला नाही. गप्पीसुद्धा आरोग्य खात्याने सांगितलेल्या बंद टाक्या-हौदांत डासांच्या अळ्या खायला ठीक, ओढ्यात नको. नको असलेला मासा मला आणून द्या, किंवा त्या मुलाला. तो आता अकरावीत आहे आणि त्याच्याकडे वेटिंग लिस्ट असते.

ठरावाचं काय झालं ते नवीन सभासदांसाठी सांगतो. बंदीचा ठराव मागे घेतला गेला. त्याऐवजी चार अटी आल्या: टाक्यांचं एकूण पाणी दोनशे लिटरच्या वर गेलं तर समितीला कळवायचं, स्टँड भुशाच्या बोर्डाचा नसावा, खाली ट्रे आणि निचऱ्याचा पाइप हवा, आणि खालच्या घराने एकदा येऊन पाहावं. शेवटच्या अटीवर बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं होतं की हा खासगी बाबीत हस्तक्षेप आहे. माझं मत तेव्हाही अटीच्या बाजूने होतं, आजही आहे. ज्याच्या डोक्यावर पावणेतीनशे किलो उभे राहणार, त्याला ते बघायचा हक्क आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या सभेत विषय मांडावा, मी उत्तर द्यायला येईन.

त्या दोन घरांचं म्हणाल तर सगळं पूर्वीसारखं झालं असं मी सांगणार नाही. अल्बम गेले ते गेले. पण सुट्टीत गावी जाताना वरच्या घराची किल्ली आता खालच्या काकूंकडे असते, माशांना खाणं घालायला. चिमूटभरच घालायचं असतं, त्या मूठभर घालतात, अशी त्या मुलाची तक्रार आहे. त्यावर मी काही बोलत नाही.

स्टँडच्या मापांचा कागद आणि सामानाची यादी सचिवांकडे आहे, झेरॉक्स काढून घ्या. खर्चाचा हिशेब तेव्हाच नोटीस बोर्डावर लावला होता, पावत्यांसकट. चुंबक माझ्याकडे आहे, तो परत करायच्या बोलीवर मिळेल. रविवारी दहा ते बारा मी घरी असतो. दुपारी दोन ते चार मात्र बेल वाजवू नये.